‘गुदमरून मृत्यू’ नावाची खोटी बातमी

दर उन्हाळ्यात एक बातमी येते. मथळा ठरलेला असतो: बंद कारमध्ये गुदमरून चिमुकल्यांचा मृत्यू. गाव बदलतं, गाडी बदलते, मुलांची वयं दोन-तीन वर्षांनी मागेपुढे होतात. ‘गुदमरून’ हा शब्द मात्र जागचा हलत नाही. आपण बातमी वाचतो, रडका इमोजी टाकतो, ‘आईबाप काय झोपले होते का?’ असं विचारतो आणि पुढच्या रीलवर जातो.

या लेखात मला तीन गोष्टींशी भांडायचं आहे. पहिली गोष्ट म्हणजे हा ‘गुदमरून’ शब्द. दुसरी, ‘पाचच मिनिटं’ हे आपलं लाडकं माप. आणि तिसरी, ‘कसले हे आईबाप!’ हा आपला तयार ठेवलेला संताप. माझं म्हणणं असं की ही मुलं जितकी उन्हाने मरतात, तितकीच या तीन गोष्टींनी मरतात. ऊन आपल्या हातात नाही. या तीन गोष्टी आहेत.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे थोडंफार डोक्यात राहिलं, त्यात पुढचा हिशोब करता येण्याइतकं नक्की आहे.

हवा संपत नाही

साध्या हॅचबॅक गाडीच्या आत ढोबळमानाने तीन हजार लिटर हवा मावते. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे सहाशे लिटरच्या वर. शांत बसलेल्या मोठ्या माणसाला तासाला साधारण १५ लिटर ऑक्सिजन लागतो. लहान मुलाला त्याहून कमी. म्हणजे गाडी डबाबंद असती, तरी आतली हवा श्वास घेण्याजोगी न उरायला कित्येक तास लागले असते. आणि गाडी डबाबंद नसतेच. सगळ्या काचा वर करून आठ दिवस लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर बोट फिरवून बघा, धूळ लागेल. धूळ जिथून आत येते तिथून हवाही येते.

मग ही मुलं तास-दोन तासांत का दगावतात? उष्णतेने. दुपारच्या स्वच्छ उन्हात जमिनीच्या एका चौरस मीटरवर जवळजवळ एक किलोवॉट ऊर्जा पडत असते. काचेतून हे ऊन आत येतं, काळा डॅशबोर्ड आणि सीट तापतात. तापलेल्या वस्तूंमधून बाहेर पडणारी उष्णता काचेतून सहज परत जात नाही, आणि तापलेल्या हवेला वर उठून निघून जायला वाट नसते. गाडी म्हणजे चाकं लावलेला सोलर कुकर. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सीटबेल्टच्या बकलला ज्याचा हात लागलाय, त्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही.

तरी आकडे बघू. २००५ साली अमेरिकेत ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उन्हात लावलेल्या गाडीचं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर जेमतेम २२ अंश, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या छानशा सकाळइतकं तापमान होतं, तेव्हाही आतला पारा ४७ अंशांच्या घरात गेला. आणि या लेखापुरता सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष: काचा थोड्या खाली ठेवल्याने काहीही मोठा फरक पडला नाही.

२०१८ साली अ‍ॅरिझोनात संशोधकांनी हाच प्रयोग उन्हातल्या आणि सावलीतल्या गाड्यांवर केला. उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड तासाभरात ६९ अंशांपर्यंत गेला. सावलीतल्या गाडीची हवा ३८ अंशांच्या आसपास राहिली. ऐकायला बरं वाटतं, पण त्यांच्या गणितानुसार सावलीतल्या गाडीतही दोन वर्षांच्या मुलाला उष्माघाताच्या उंबरठ्यावर पोहोचायला दोन तासांहून थोडाच कमी वेळ पुरतो. उन्हात हेच एका तासात होतं. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांवर गेलं की उष्माघात, आणि ४१-४२ च्या पुढे अवयव साथ सोडू लागतात.

आता ‘गुदमरून’ या शब्दाने काय केलं ते बघा. त्याने लोकांच्या मनात पक्कं बसवलं की प्रश्न हवेचा आहे. प्रश्न हवेचा असेल तर उत्तर सोपं: काच बोटभर खाली करा. मॉलबाहेर, देवळाबाहेर, मंगल कार्यालयाबाहेर अशा बोटभर उघड्या काचांच्या गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. आत मूल पेंगतंय, कपाळावर केस चिकटलेत, आणि आईबाप निर्धास्त आहेत, कारण ‘हवा येतेय ना’. आमच्या धंद्यात हे रोज घडतं. बिघाडाचं मूळ चुकीचं शोधलं की दुरुस्तीही चुकीची होते, आणि ती केल्याच्या समाधानात खरा बिघाड तसाच राहतो.

एखाद्या घटनेत शवविच्छेदनाचा अहवाल वेगळं सांगू शकतो, डिकीसारख्या अरुंद जागेत हवेचाही प्रश्न येतो, हे मला मान्य आहे. पण अहवाल यायच्या आधीच, घटनेच्या रात्री, कुणालाही न विचारता मथळ्यात ‘गुदमरून’ छापणाऱ्यांना ही सूट मिळू नये.

गाडीत कोण असतं?

या विषयावर इंटरनेटवर जे काही सापडतं ते बहुतेक अमेरिकेचं असतं. याला कारण आहे. तिथे जॅन नल नावाचे एक हवामानशास्त्रज्ञ १९९८ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवत आले आहेत. हा आकडा आता एक हजाराच्या पुढे गेलाय, म्हणजे वर्षाला सरासरी सदतीसच्या आसपास मुलं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना गाडीत कुणीतरी विसरलेलं होतं. साधारण चौथा हिस्सा मुलं स्वतःहून गाडीत शिरली होती. उरलेल्या बहुतेकांना जाणूनबुजून मागे ठेवलेलं होतं.

आपल्याकडे अशी नोंद कुणी ठेवत नाही. अपघाती मृत्यूंच्या सरकारी अहवालात ‘उभ्या गाडीत मूल’ असा वेगळा रकाना नाही. ज्याचा लॉग नाही, ते घडलंच नाही असं धरून चालायची सवय फक्त आयटीवाल्यांना आहे असं मला वाटायचं.

म्हणून बातम्याच वाचाव्या लागतात. जून २०१७, गुरुग्रामजवळ पतौडी: पाच वर्षांच्या जुळ्या बहिणी. जून २०२३, नागपूर: घराजवळ उभ्या असलेल्या गाडीत तीन मुलं, शोध सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी सापडली. एप्रिल २०२४, मुंबईत अँटॉप हिल: पडून असलेल्या गाडीत भाऊ-बहीण. नोव्हेंबर २०२४, गुजरातमधलं अमरेली: एकाच घरातली चार भावंडं. मे २०२५, आंध्रमधलं विजयनगरम: खेळायला गेलेली चार मुलं.

या पाचही घटनांमध्ये मुलांना कुणी गाडीत विसरलं नव्हतं, कुणी ‘आलोच’ म्हणून ठेवलंही नव्हतं. ती खेळता खेळता स्वतः आत शिरली होती, आणि आतून दार उघडता आलं नाही. अमरेलीचं आणखी एक. तो मे महिना नव्हता. दिवाळीचे दिवस होते. मुलांचे आईवडील मध्य प्रदेशातून मजुरीसाठी आलेले, कामाला गेले होते. गाडी मालकाची होती.

इथे अमेरिकेची गोष्ट आणि आपली गोष्ट वेगळी होते. तिथे मूल आपल्याच बापाच्या गाडीत मरतं. आपल्याकडे ते बहुतेकदा दुसऱ्याच्या गाडीत मरतं. ज्या घरात गाडी नाही, त्या घरातल्या पोरांना गाडी हे जगातलं सर्वांत भारी खेळणं वाटतं. स्टिअरिंग, आरसे, मऊ सीट, दार लावल्यावर येणारा तो भारदस्त ‘धप्प’ आवाज. दार बाहेरून सहज उघडतं. आत गेल्यावर मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर आतलं हँडल कितीही ओढा, उघडत नाही. चाइल्ड लॉक कशासाठी असतो? मूल गाडीतून पडू नये म्हणून. ज्याचं मूल गाडीत रोज बसतं त्याच्या सोयीचं एक साधन, ज्याचं मूल गाडीत कधीच बसत नाही त्याच्यासाठी पिंजऱ्याची कडी होतं. गाडी जुनी असेल तर हँडल तुटलेलं, काच वर करायची मूठ गायब, बॅटरी मेलेली. म्हणजे हॉर्नही वाजत नाही.

आणि अशा गाड्या कुठे नाहीत? प्रत्येक सोसायटीच्या कोपऱ्यात, प्रत्येक पोलीस ठाण्याच्या मागे, प्रत्येक गॅरेजच्या रस्त्यावर आलेल्या रांगेत एक तरी गाडी टायर बसलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं पडून असते. पालिका काचेवर नोटीस चिकटवते. नोटीस उन्हाने पिवळी पडते, गाडी तिथेच. या गाड्यांविषयी आपली तक्रार काय असते? पार्किंगची जागा अडते.

पाचच मिनिटं

आता गाडीवाल्यांकडे, म्हणजे आपल्याकडे येऊ.

गेल्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मी पाहिलेला प्रसंग आहे. इंजिन सुरू असलेली गाडी, एसी चालू, पुढच्या सीटवर अडीच-तीन वर्षांचा मुलगा मोबाईल बघत बसलेला. गाडीत दुसरं कुणी नाही. मी वॉचमनकाकांना बोलावलं. ते म्हणाले, “रोजचंच आहे हो साहेब. कुणाकुणाला सांगायचं? सांगितलं की मॅनेजरकडे तक्रार करतात.” वीस मिनिटांनी वडील आले, हातात दोन मोठ्या पिशव्या. मी म्हटलं, “दादा, आत लेकरू एकटं होतं.” ते म्हणाले, “एसी चालू आहे ना. पाचच मिनिटं गेलो होतो. बिलिंगला लाईन होती, त्यात माझी काय चूक?”

त्यांची लाईनबद्दल काहीच चूक नव्हती, आणि नेमकं तेच माझं म्हणणं आहे. ‘पाच मिनिटं’ हे तुम्ही गाडीतून उतरताना ठरवता. किती वेळ लागणार हे मात्र कॅश काउंटरवरचा मुलगा ठरवतो, अचानक भेटलेला शाळेतला मित्र ठरवतो, बंद पडलेली लिफ्ट ठरवते. एसी चालू आहे ही खात्री इंजिनवर अवलंबून आहे, आणि इंजिन बंद पडायला मुलाचा हात एका बटणावर पडणं पुरतं. बंदिस्त तळघरात चालू इंजिनाच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड साचतो तो वेगळाच. पॉवर विंडोच्या बटणावर गुडघा ठेवून मान बाहेर काढणारं मूल, गिअर ओढणारं मूल, आत मूल आहे हे न बघता गाडी पळवणारा चोर: यांतलं काहीही उष्णतेची वाट बघत नाही.

इथे मला दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे, कारण ती बाजू खोटी नाही. अमेरिकेत या विषयाचं वेडही झालं. किम ब्रुक्स या लेखिकेने थंड हवेच्या दिवशी आपल्या मुलाला काही मिनिटं गाडीत ठेवलं, कुणीतरी व्हिडिओ काढून पोलिसांना दिला, आणि पुढे बराच काळ ती कायद्याच्या चकरा मारत राहिली. तिने त्यावर २०१८ मध्ये पुस्तकच लिहिलं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एक मार्मिक प्रयोग केला. मूल एकटं राहिल्याचे प्रसंग लोकांना वाचायला दिले, फक्त पालक दूर का गेले याचं कारण बदललं. पालक नाइलाजाने दूर गेले असतील तर लोकांना धोका कमी वाटला. स्वतःच्या मर्जीने, त्यातही प्रियकराला भेटायला वगैरे गेले असतील तर तोच धोका जास्त वाटला. मूल तेच, जागा तीच, वेळ तेवढाच. म्हणजे धोका आहे म्हणून आपण चिडतो असं नेहमी नसतं. अनेकदा आपण चिडलेलो असतो, म्हणून धोका दिसतो.

तेव्हा पेट्रोल पंपावर उतरून, गाडीला टेकून पैसे देणाऱ्या आईचा व्हिडिओ काढून कुणी व्हायरल करत असेल तर मी त्याच्या बाजूने नाही. माझा नियम वेळेचा नाहीच, नजरेचा आहे. मूल दिसतंय आणि चार ढांगांत दाराला हात पोहोचतोय, तर ठीक. मूल नजरेआड झालं, तर ते एक मिनिटासाठी असो की एका तासासाठी, ते गाडीबाहेर तुमच्यासोबत हवं. वेळेचा नियम पाळता येत नाही, कारण वेळ तुमच्या हातात नसते. नजरेचा पाळता येतो. झोपलेलं मूल उचलायचा कंटाळा येतो, हे खरं आहे. जिना असतो, पिशव्या असतात, मूल उठलं की भोकाड पसरतं. पसरू द्या.

‘कसले हे आईबाप!’

मे २०२४ मध्ये राजस्थानात कोटा जिल्ह्यातलं एक कुटुंब लग्नाला गेलं. आई मोठ्या मुलीला घेऊन उतरली. वडील गाडी लावायला पुढे गेले आणि गाडी लॉक करून मांडवात आले. आईला वाटलं धाकटी वडिलांबरोबर आहे. वडिलांना वाटलं आईबरोबर उतरली. साधारण दोन तासांनी दोघं समोरासमोर आले तेव्हा एकमेकांना विचारलं. मुलगी तीन वर्षांची होती.

या बातमीखाली लोकांनी काय लिहिलं असेल ते सांगायला नको. मी ती वाचली तेव्हा माझ्या डोक्यात आमच्या ऑफिसमधलं एक जुनं वाक्य आलं: ज्या कामाचे मालक दोन, त्याचा मालक कुणीच नाही. रात्री सर्व्हर पडतो, कारण ‘अ’ला वाटलं अलार्म ‘ब’ बघतोय आणि ‘ब’ला वाटलं ‘अ’. दोघंही हुशार असतात, दोघंही कामाला प्रामाणिक असतात.

विसरण्याचं शास्त्र डेव्हिड डायमंड या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने बरंच अभ्यासलं आहे. थोडक्यात असं: ‘आज वाटेत अमुक करायचंय’ हे लक्षात ठेवणारी स्मृती वेगळी, आणि सवयीने हातपाय चालवणारी स्मृती वेगळी. झोप झालेली नसेल, ताण असेल, रोजचा क्रम जरा बदललेला असेल, तर सवय दुसरीला गप्प करते. रविवारी मावशीकडे निघून ऑफिसच्या फ्लायओव्हरवर चढलेला माणूस तुम्हाला ठाऊक असेलच. मागच्या सीटवर मूल झोपलेलं असेल, आवाज येत नसेल, तर मेंदू ‘ते पाळणाघरात सोडलं’ अशी आठवणसुद्धा तयार करू शकतो. जीन वाइनगार्टन या पत्रकाराने २००९ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये अशा पालकांवर दीर्घ लेख लिहिला, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. त्यातले पालक सर्व थरांतले होते, श्रीमंत आणि गरीब, शिकलेले आणि न शिकलेले. त्यात एक विचित्र योगायोगही दिसतो. नव्वदच्या दशकात पुढच्या सीटला एअरबॅग आल्या, त्यांच्या धक्क्याने लहान मुलांना इजा होऊ लागली, म्हणून मुलांना मागे, तोंड मागच्या बाजूला करून बसवायला सांगितलं गेलं. सल्ला बरोबरच होता, पण त्यामुळे मूल चालकाच्या नजरेतून गेलं.

इथे मला नेहमीचं उत्तर मिळतं: “मुलाची तुलना सर्व्हरशी करतोस?” हो, करतो. कारण सर्व्हरची काळजी जास्त चांगली घेतली जाते. सर्व्हर पडला की आम्ही एक बैठक घेतो. तिच्यात ‘कुणामुळे’ हा प्रश्न विचारायला बंदी असते. ‘कशामुळे’ आणि ‘पुन्हा होऊ नये म्हणून यंत्रणेत काय बदलायचं’ एवढंच बोलायचं. हे आम्ही साधुसंत आहोत म्हणून करत नाही. ‘कुणामुळे’ विचारलं की सगळे लपवतात, एकाला काढून टाकतात, आणि तीन महिन्यांनी तोच सर्व्हर तसाच पडतो, हे कंपन्यांनी पैसे घालवून शिकलं म्हणून करतो.

‘कसले हे आईबाप’ या वाक्याचा खरा उपयोग बोलणाऱ्यालाच होतो. ते आईबाप वेगळे, बेजबाबदार. मी तसा नाही. म्हणून मला काही बदलायची गरज नाही. ज्याला खात्री आहे की आपण कधीच विसरणार नाही, तो मागच्या सीटचा अलार्म असलेली गाडी मागणार नाही, कंपनी ती देणार नाही, सरकार सक्ती करणार नाही. शिक्षेची सोय कायद्यात आधीच आहे. निष्काळजीपणाने मृत्यूला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे. ही सगळी कलमं चूक घडल्यानंतरची आहेत. चूक घडण्याआधीचं त्यांत काही नाही.

आणि हा संताप कुणावर उतरतो तेही बघा. आधी आईवर. शेतात, बांधकामावर गेलेल्या आईला ‘पोरांकडे लक्ष नको?’ असं विचारलं जातं. पन्नासहून अधिक बायका कामाला असलेल्या बांधकामावर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, असं १९९६ चा कायदा सांगत होता. पन्नास कर्मचाऱ्यांच्या पुढच्या आस्थापनांनाही २०१७ पासून पाळणाघराची सक्ती आहे. ते पाळणाघर कुठे होतं, असं बातमीखाली कुणी विचारलेलं मी अजून वाचलेलं नाही.

शेवटच्या सीटपर्यंत चालत जा

हे थांबवता येतं का? येतं, आणि इतरांनी करून दाखवलंय.

१९९८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत काही आठवड्यांत अकरा मुलं गाड्यांच्या डिक्यांमध्ये अडकून गेली. तिथे सप्टेंबर २००१ पासून नव्या गाड्यांच्या डिकीत आतून उघडणारं, अंधारात चमकणारं हँडल सक्तीचं झालं. एक प्लास्टिकची मूठ आणि एक तार. पालकांना भाषण द्यावं लागलं नाही.

दक्षिण कोरियात २०१८ मध्ये चार वर्षांची मुलगी पाळणाघराच्या गाडीत दिवसभर राहून गेली. पुढच्या वर्षी तिथे मुलांच्या गाड्यांमध्ये एक बटण सक्तीचं झालं, आणि ते बसवलं सर्वांत मागच्या सीटजवळ. इंजिन बंद केल्यावर चालकाने मागे चालत जाऊन ते दाबलं नाही, तर भोंगा वाजतो. मला हे डिझाइन फार आवडतं. त्यात सेन्सर नाही, एआय नाही. माणसाला शेवटच्या सीटपर्यंत चालायला लावणं, बस्स. चालताना डोळे आपोआप बघतात. जपानने २०२२ च्या अशाच एका मृत्यूनंतर एप्रिल २०२३ पासून तशीच सक्ती आणली. त्याच २०२२ मध्ये कतारमध्ये केरळच्या कुटुंबातली चार वर्षांची मुलगी शाळेच्या बसमध्ये राहून गेली, तिच्या वाढदिवशी. महाराष्ट्रात स्कूलबससाठी २०११ पासून नियमावली आहे. तिच्यात हे एक बटण घालायला किती खर्च येईल?

इटलीत २०१९ पासून चार वर्षांखालच्या मुलांच्या सीटला सूचना देणारं उपकरण बंधनकारक आहे. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देताना, आत राहिलेलं मूल ओळखणाऱ्या यंत्रणेला २०२३ पासून गुण मिळतात. आणि आपल्याला सक्ती जमत नाही असंही नाही. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना सीटबेल्टचा बीप, वेगाचा इशारा आणि रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. आज गाडीच्या मागे मांजर आलं तरी गाडी ओरडते. आत मूल राहिलं तर गप्प बसते. टेस्लाने तर २०१९ मध्येच गाडीत ठेवलेल्या कुत्र्यासाठी एसी चालू ठेवणारा खास ‘डॉग मोड’ आणला. तंत्रज्ञान कधी येईल याची वाट बघायची गरज नाही, फक्त कुणीतरी ते मागायला हवं.

माझ्या मागण्या म्हणून या. मागची दारं उघडल्याची नोंद ठेवून इंजिन बंद होताना ‘मागे बघा’ म्हणणारा इशारा प्रत्येक नव्या गाडीत असावा. तो निव्वळ सॉफ्टवेअरचा बदल आहे, मी खात्रीने सांगतो. मूल ओळखणाऱ्या सेन्सरला भारत एनकॅपने गुण द्यावेत. शाळा आणि पाळणाघरांनी मूल आलं नाही तर सकाळीच पालकांना फोन करावा. पडीक गाडीवर नोटीस चिकटवताना पालिकेने आणि पोलिसांनी त्याच दिवशी तिची दारं कायमची बंद करावीत. आणि अशा प्रत्येक मृत्यूची एका रकान्यात नोंद व्हावी. वृत्तपत्रांनी ‘गुदमरून’च्या जागी, डॉक्टर वेगळं सांगत नाहीत तोवर, ‘उष्णतेने’ लिहावं. यातलं शेवटचं तर आज रात्रीपासून, फुकटात होऊ शकतं.

उरलेलं तुमच्या-माझ्या हातात आहे. गाडीतून उतरताना मोबाईल किंवा बॅग मागच्या सीटवर ठेवायची सवय लावा, म्हणजे मागे बघावंच लागेल. ‘तू घेतलंस ना?’ हा प्रश्न मोठ्याने विचारा, उत्तर ऐकेपर्यंत जागचे हलू नका. बंद गाडीत एकटं मूल दिसलं तर आधी आजूबाजूला हाक मारा, ११२ लावा. मूल सुस्त पडलेलं असेल, हाकेला ओ देत नसेल, तर वाट बघू नका. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच निवडा, मध्यावर न मारता कोपऱ्यावर मारा. पुढची मोठी काच फुटत नाही, तिच्या नादी लागू नका. मोठं नुकसान टाळण्यासाठी चांगल्या हेतूने केलेल्या लहान नुकसानाला न्याय संहितेच्या कलम १९ चं संरक्षण आहे. मूल बाहेर काढलं की सावली, ओला कपडा, वारा आणि दवाखाना.

मुलांना शिकवा. फक्त आपल्या नव्हे, वॉचमनच्या, इस्त्रीवाल्यांच्या, कामाला येणाऱ्या मावशींच्याही मुलांना. मागचं दार उघडलं नाही तर पुढच्या सीटवर जायचं, कारण चाइल्ड लॉक पुढच्या दारांना नसतो. तेही नाही उघडलं तर हॉर्न दाबून धरायचा. बऱ्याच गाड्यांमध्ये तो चावीशिवायही वाजतो. आपल्या गाडीत बसवून एकदा करून दाखवायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं खरोखर दहाच असतात.

आणि आज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक फेरी मारा. आपली गाडी नीट लॉक झाली आहे का बघा, चावी पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. मग कोपऱ्यात टायर बसून धूळ खात पडलेल्या त्या गाडीकडे जा आणि तिचं दार ओढून बघा. उघडलं, तर सेक्रेटरींना फोन लावा आणि ते बंद होईपर्यंत तिथून हलू नका.